लाइन काढण्याआधी

आई,

तुझ्या वेळी हे नव्हतं, म्हणून आधी खुणांचं सांगते. आता आम्ही एकमेकांना फोनवर लिहून निरोप पाठवतो. पाठवला की त्याच्याखाली एक बारीक खूण उमटते. पलीकडच्याच्या फोनपर्यंत पोचला की दुसरी. त्यानं उघडून वाचला की दोन्ही निळ्या होतात. तोवर त्या राखाडी असतात, आणि राखाडी रंगाची एवढी धास्ती वाटू शकते हे मला साठी उलटल्यावर कळलं. गेला आठवडाभर दादाला पाठवलेल्या माझ्या प्रत्येक निरोपाखाली दोन राखाडी खुणा होत्या. म्हणजे पोचलाय, पण त्यानं वाचलेला नाही. भाजी चिरताना मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा करत होते. दूध उतू गेलं. आमटीत मीठ घातलंय की नाही ते आठवेना, म्हणून परत घातलं, आणि माझ्या जावयानं एक शब्द न बोलता ती संपवली. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तुझा थोरला आता सत्तरीला टेकलाय. वहिनी गेल्यापासून शनिवार पेठेतल्या आपल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या जागेत एकटाच असतो. कान पार गेलेत. यंत्र घेतलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात ठेवून दिलंय. त्याच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आपण घसा फोडायचा आणि त्यानं ‘हो हो, जेवलो’ म्हणायचं, प्रश्न काहीही असो. त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचायची एकच वाट उरली होती, ही लिहिण्याची. ती मी माझ्या बोटानं बंद केली. कशी, ते सांगते. तू मध्ये बोलणार नाहीस, हा त्यातल्या त्यात दिलासा.

माझ्या लेकीनं घरातल्या सगळ्यांचा एक ग्रुप केलाय. चुलत, आते, मामे, त्यांची मुलं, परदेशातली दोन घरं. एकानं लिहिलं की सगळ्यांना दिसतं. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरच्या सगळ्या लाइनी एकदम उघड्या ठेवल्या तर काय होईल, तसं. त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं ते माझ्याकडे सोपवलंय, कारण लेकीला हिंजवडीच्या कामातून डोकं वर काढायला वेळ नसतो. दादा त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलाचं चित्र टाकायचा, त्यावर ‘सुप्रभात’ छापलेलं. मग एखादा देव. दुपारी कारल्याच्या रसाचे फायदे. संध्याकाळी सूर्यास्त. तेच फूल मला वेगळंही यायचं, सातच्या आत. उत्तर कुणी देत नसे. एकदा आत्याच्या मुलानं मला लिहिलं, ‘दादाला सांग, सकाळ झालेली आम्हाला कळते, उजेड पडतो.’ मी ते दादाला सांगितलं नाही. हसले मात्र.

मग आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हो, तुझी नणंद, अजून खणखणीत आहे. तू तिच्याबद्दल स्वयंपाकघरात जे जे म्हणायचीस ते सगळं तिनं टिकवून ठेवलंय. तिच्या मुलानं घरच्या घरी छान समारंभ केला, दिव्यांनी ओवाळलं, आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकला. आत्या खुर्चीत बसलेली, गळ्यात झेंडूचा भला मोठा हार, पुढ्यात ताटात लावलेले दिवे. खाली त्यानं आईबद्दल चांगलं पानभर लिहिलं होतं. त्याखाली सर्वांत आधी आलं दादाचं चित्र. समई, काळी चौकट, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

पुढचं ऐक. त्याच्यामागून आणखी चौघांनी तेच केलं. पानभर मजकूर कोण वाचतं? वरच्यानं हात जोडले की खालचा हात जोडतो. परदेशातल्या भाच्यानं तर ‘खूप वाईट झालं, आम्हाला येता येणार नाही’ असंही लिहिलं. आणि मग खुद्द आत्या आली. ती त्याच ग्रुपवर आहे, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. तिनं लिहिलं, ‘अजून आहे. गेले की कळवीन.’

त्यानंतर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. बाकीच्या चौघांनी आपापले निरोप गुपचूप पुसून टाकले, तशी सोय असते. दादानं पुसलं नाही. त्याऐवजी तो गुच्छ पाठवत सुटला. गुलाबांचा, मग निशिगंधाचा, मग परडीतला, एकामागून एक. लोकांना वाटलं, याला आपण काय केलंय तेही कळलेलं नाही. पोरांनी त्याच्या समईच्या चित्रावर विनोद रचले, त्याचं नाव घालून चित्रं केली. मला दर मिनिटाला फोनचा दणका बसत होता. आत्याच्या मुलानं मला बाजूला लिहिलं की आईचा आजचा दिवस आहे, तुझ्या भावाला आवर. मी लेकीला फोन केला. ती मीटिंगच्या मधून म्हणाली, “आई, थोडे दिवस मामाला काढ, मग परत ॲड करू. इट्स नॉट अ बिग डील, सगळे करतात.” मला ते पटलं. खरंच पटलं. त्याच्यावर हसणाऱ्यांमधून त्याला बाहेर काढतेय, असंच मनात होतं. मी त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि काढलं. ग्रुपवर एक ओळ उमटली की अमुक यांनी तमुक यांना काढलं. अमुक मी होते. ही ओळ सगळ्यांना दिसते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. हसणं मात्र बंद झालं.

तेव्हा मला डॉक्टरांकडचा फोन आठवला. शेजारच्या डॉक्टरांकडे, त्यांच्या दवाखान्यातल्या लाकडी फळीवर. तुझ्या बरोबरच्या कुणा ऑपरेटर बाईंचा तुझ्यासाठी फोन आला होता, आणि मी ‘ती नाहीये’ म्हणून खाली आपटला होता. तू आल्यावर मी मोठ्या ऐटीत ते सांगितलं. तू चपलाही काढल्या नव्हत्यास. तशीच मला दंडाला धरून परत डॉक्टरांकडे नेलंस, पेशंट बसलेले असताना त्यांची परवानगी मागितलीस, नंबर फिरवलास आणि रिसीव्हर माझ्या हातात दिलास. “ठेवते हं, असं सांग. मग ठेव.” तेवढ्यासाठी. मी रडवेल्या आवाजात ‘ठेवते हं’ म्हटलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ठेव बाळा. आख्खा दवाखाना बघत होता. परत येताना जिन्यात तू म्हणालीस की समोरचा दिसत नसतो, तेव्हा आपण चाललो हे त्याला सांगावं लागतं. माझा राग दोन दिवस टिकला होता. तू त्याची दखल घेतली नाहीस.

आणि तुझा आरसा. ड्यूटीच्या पिशवीत डब्याशेजारी तो एवढासा गोल आरसा असायचा. आत्या त्यावरून बोलायची, परगावच्या ट्रंक लाइनवर कोण बघतंय हिला. मला नोकरी लागली, विमा कचेरीत चौकशीच्या टेबलावर, तेव्हा तू तो मला दिलास. फोनवर बोलताना समोर ठेवत जा म्हणालीस. तोंड वाकडं झालं की आवाजात कळतं. मी तो निवृत्तीपर्यंत टेबलावर ठेवला. दादाला काढलं त्या दिवशी मी तो खणातून शोधून काढला आणि बघितलं. काही विशेष दिसलं नाही. चष्मा लावलेली एक बाई, कपाळाला आठी, दळण आणायचं राहिलंय अशा चेहऱ्याची. तोंड वाकडं नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सातच्या आत फूल आलं नाही. मी म्हटलं, रुसलाय. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग मी लिहायला बसले. ‘दादा, तुझ्याच भल्यासाठी’ असं लिहिलं आणि पुसलं, कारण हे वाक्य ज्यानं ज्यानं मला म्हटलंय त्याचं तोंड मी पुढे वर्षभर बघितलेलं नाही. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं. तेही पुसलं. खोटं बोलायचं तर निदान आपल्या भाषेत बोलावं. शेवटी ‘दादा, कसा आहेस?’ एवढंच पाठवलं. दोन खुणा. राखाडी. मग ‘जेवलास का?’ राखाडी. मग ‘अरे, उत्तर दे.’ राखाडी. मनात नाही नाही ते येऊ लागलं. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडला असेल. हाक मारली तरी त्याला ऐकू येणार नाही, आणि त्यानं मारली तरी आपल्याला. त्याच्या इमारतीखाली औषधांचं दुकान आहे, त्यांना फोन केला. दुकानदार म्हणाले, “काकांना काय होतंय, सकाळीच दूध घेऊन वर गेले. पण अहो, परवा फोन घेऊन आले होते, ग्रुपवर काही जात नाही म्हणून. मी बघितलं. मला सांगावं लागलं त्यांना.” मग म्हणाले, “काका, तुम्हाला काढलंय, म्हटलं.” मी आभार मानले. फोन ठेवते असं सांगून ठेवला.

म्हणजे त्याला ते औषधाच्या दुकानात कळलं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या लोकांसमोर. आणि ते त्याला ऐकू जावं म्हणून दुकानदारांना मोठ्यानंच सांगावं लागलं असणार.

काळजी आणि भीती यांत फरक असतो, आई. तो पडला असेल याची काळजी होती. तो धडधाकट आहे, फोन त्याच्या शेजारी आहे आणि तरी तो माझं उघडून बघत नाही, याची भीती वाटली. बाबा गेल्यावर आपल्या घरातलं माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस उरलंय. तो नव्हता अशी वेळ मला माहीत नाही आणि माझ्या लहानपणचं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तो बोलायचा थांबला तर मी कुणाची बहीणच राहत नाही. हे मी कुणाला म्हटलं नाही. लेकीला म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, ओव्हरथिंक करू नकोस.

रविवारी सकाळी रिक्षा केली आणि गेले. त्याच्या दाराची बेल दाबली की आत दिवा लागतो, लेकीनंच बसवून दिलाय. मी दाबत राहिले. दार उघडलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “आपण? या.”

आपण म्हणाला. तुझा मुलगा, मला. मी आत गेले तर बसायला खुर्ची पुढे केली, पंखा लावला, आणि चहा घेऊन आला तो पाहुण्यांच्या कपांतून. सोनेरी काठाचे, बशीसकट. तो संच वहिनी माझ्या व्याह्यांसाठी काढायची. मी त्या घरात स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन मोठी झालेली. एवढं नीट कुणी माझ्याशी वाईट वागलं नव्हतं.

मी मोठ्यानं म्हटलं, दादा, माझं चुकलं. त्यानं कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. मग म्हणाला, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात, खालच्या मजल्यालाही कळेल असं, “काढण्याआधी विचारायचं असतं. आई विचारायची.”

तुला आठवत असेल. तो नागपूरला पहिल्या नोकरीवर होता आणि त्यानं डॉक्टरांच्या नंबरवर ट्रंक कॉल लावला होता. मी आणि बाबा रिसीव्हरला दोन्हीकडून कान लावून उभे. आणि पुण्याच्या बोर्डावर तू होतीस. “नागपूर, बोला.” दादा म्हणाला, “आई?” तू म्हणालीस, “आपला नंबर लागतोय, थांबा.” तीन मिनिटं तो बोलला. खोली मिळाली, पाणी खारट आहे, पोळ्या जाड असतात. मग तू मध्ये आलीस. “तीन मिनिटं झाली. मी लाइन काढतेय. काही राहिलंय का?” तुमची ती पद्धतच नव्हती, बाकीच्या ऑपरेटर सरळ काढायच्या. तू सगळ्यांना विचारायचीस. सुपरवायझरची बोलणी खायचीस आणि विचारायचीस. दादा म्हणाला, “राहिलंय. तू जेवलीस का?” आणि मागे सुपरवायझर उभी असणार, कारण तू म्हणालीस, “आभारी आहे.” आणि लाइन काढलीस. बाबा हसून हसून बेजार झाले होते. दादा ही गोष्ट दर दिवाळीला सांगतो. मला ती पाठ आहे आणि तरी मी त्याला एका बोटानं काढलं.

मग मी माझा फोन काढला आणि त्याच्यासमोर बसून त्यालाच लिहिलं. ‘माझं चुकलं. विचारायला हवं होतं.’ आतल्या खोलीत त्याचा फोन उजळलेला मला बसल्या जागेवरून दिसला. मी तिकडे बोट दाखवलं. तो उठला, फोन आणला, नाकाजवळ धरला, मग लांब धरला. मग खिडकीशी गेला. सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी, एकेक अक्षर बाजूनं बघायला लागला. दोन ओळी वाचायला त्याला इतका वेळ लागला की माझ्या चहावर साय धरली.

मी डोळ्यांकडे बोट करून खुणेनं विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, “वर्ष झालं असेल. कडेचं दिसतं, मधलं जातं. डोळ्यात इंजेक्शनं देतात. सांगितलं नाही कुणाला. कान गेले तर लोक निदान लिहून तरी विचारत होते.” आणि मग खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता, बाकीचं सांगितलं. अक्षरं लागत नाहीत म्हणून तो चित्रं पाठवतो, रंगावरून ओळखू येतात. कारल्याच्या रसाचं त्यानं कधी वाचलेलं नाही, कुणीतरी पाठवलं ते पुढे ढकललं, कारण न पाठवावं तर आपण आहोत हे कुणाला कळणार? आत्याच्या फोटोत त्याला हार दिसला आणि दिवे दिसले. तिचं उत्तर भिंगाखाली धरून वाचलं तेव्हा घाम फुटला. आणि ते गुच्छ? “माफी मागत होतो,” म्हणाला. “लिहीपर्यंत संध्याकाळ झाली असती.”

म्हणजे कुणीतरी आपल्या परीनं, एकामागून एक, हात जोडत होतं आणि आम्ही सगळे त्याला गप्प करायच्या मागे होतो. मला खूप रडू आलं. मी रडले. तो म्हणाला, चहा निवला तुझा. तुझा म्हणाला.

मी त्याचा फोन घेतला आणि सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं होतील तेवढी मोठी केली. इतकी, की पडद्यावर जेमतेम तीन शब्द मावतात. मग माझ्या फोनवरून लिहिलं आणि त्याचा फोन त्याच्या हातात दिला. ‘काही राहिलंय का?’ भिंग लागलं नाही. त्यानं वाचलं. मग म्हणाला, “राहिलंय. बस जरा.” उठून आत गेला आणि परत चहा टाकला. या वेळी पेले आणले.

हे सगळं छान झालं असं समजू नकोस. डॉक्टर म्हणतात, डावा गेल्यात जमा आहे, उजव्याचं सांगता येत नाही. एवढी मोठी अक्षरंही कधीतरी पुरायची नाहीत. मग त्याच्यापर्यंत कशी जाणार आहे मी? रोज रिक्षानं जाऊन त्याच्या तळहातावर लिहू? ग्रुपवर परत घेऊ का विचारलं तर म्हणाला, आधी आत्याला विचार. म्हणून आत्याला लिहिलंय. खुणा अजून राखाडी आहेत. लेकीला मामाच्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की शनिवारी मी पण येते.

हे फोनवरच लिहितेय, स्वतःलाच निरोप पाठवायची जागा असते तिथं. पाठवायच्या खुणेवर बोट ठेवणार नाहीये. पाठवून तरी त्या खुणा कुणासाठी निळ्या व्हायच्या?

एक गोष्ट मात्र दादाला सांगितली नाही, ती तुला सांगते. त्याची ती सकाळची फुलं मी कधी उघडलीच नाहीत. आलं एवढं दिसायचं, पुरे व्हायचं. फोन भरला की रविवारी दुपारी सगळी एकदम निवडायची आणि पुसून टाकायची, न बघता. आज सातच्या आत परत आलं. मी ते उघडलं, मोठं करून बघितलं. पिवळं आहे, पाकळ्या पुष्कळ. कसलं फूल आहे ते मला ओळखता आलं नाही. त्याला विचारावं म्हणून लिहायला घेतलं आणि थांबले. त्याला तो नुसता पिवळा रंग दिसला असेल.